विश्लेषण : आई-वडिलांसाठी घरी ‘केअरटेकर’ ठेवताना फसवणूक कशी टाळता येईल?

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया, पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा निव्वळ वाढलेले वय. कारण कोणतेही असो, रुग्णालयातून घरी सोडण्याची तारीख ठरली की कुटुंबापुढे एकच प्रश्न उभा राहतो : दिवसभर आई-वडिलांजवळ थांबणार कोण? उत्तर बहुधा एक-दोन दिवसांत शोधावे लागते. त्या घाईत एक अनोळखी व्यक्ती घरात येते. पाहता पाहता औषधांचा डबा, दाराची किल्ली, किराण्याचे पैसे आणि आजोबांचा मोबाइल हे सगळे तिच्याच हाती जाते. रुग्णसेवा करणाऱ्या बहुसंख्य मावश्या आणि मदतनीस प्रामाणिकपणे राबतात. तरीही फसवणुकीचे प्रकार घडतात आणि ते या व्यवस्थेतल्या एका फटीतून घडतात. ती फट कोणती, ती कशी बुजवायची आणि कायदा कुठे मदतीला येतो, याचा हा आढावा.

गरज इतकी का वाढली?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या ‘एल्डर्ली इन इंडिया २०२१’ या अहवालातील अंदाजानुसार २०३१ पर्यंत देशातील ज्येष्ठांची संख्या १९ कोटींच्या पुढे जाईल. त्याच काळात कुटुंबे लहान झाली. मुलगा बंगळूरुत, मुलगी अमेरिकेत आणि पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये दोघेच, कधी एकटेच, असे चित्र आता अपवादाचे राहिलेले नाही. मुले त्याच शहरात असली तरी दोघांच्याही नोकऱ्या असतात. त्यामुळे बारा किंवा चोवीस तासांच्या ‘ड्यूटी’वर माणूस ठेवणे ही चैन न राहता गरज झाली आहे. मागणी वाढली, तशी माणसे पुरवणाऱ्या ‘ब्युरों’ची संख्याही वाढली. मात्र या क्षेत्रावरची देखरेख त्या वेगाने वाढलेली नाही.

घरी येणारी व्यक्ती नेमकी कोण असते?

फसवणुकीचा पहिला धागा इथेच सापडतो. ‘नर्स पाठवतो’ असे ब्युरो सांगते, नर्सचे पैसे लावते आणि प्रत्यक्षात कोणतेही प्रशिक्षण नसलेली व्यक्ती येते. पात्रता असलेल्या परिचारिकेने एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेले असते आणि महाराष्ट्रात तिची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. इंजेक्शन, सलाइन, नाकातली नळी, कॅथेटर, जखमेचे ड्रेसिंग ही कामे तिची. त्याखालोखाल ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’सारखा कौशल्य अभ्यासक्रम केलेले मदतनीस असतात. आणि तिसरा, सर्वात मोठा गट आंघोळ घालणे, डायपर बदलणे, भरवणे, फिरवून आणणे ही कामे अनुभवातून शिकलेल्या मावश्या-मामांचा. त्यांचे काम कमी मोलाचे नाही. मात्र त्यासाठी परिचारिकेसारखी परिषदेची नोंदणी लागत नाही.

म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे, की रुग्णाला परिचारिकेची गरज आहे की मदतनिसाची? परिचारिका हवी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो परिषदेकडून पडताळून घ्यावा. मदतनीस पुरत असेल तर नर्सचे दर मोजण्याचे कारण नाही.

ब्युरोचा परवाना पाहिला की पुरेसे आहे का?

बहुतेक ब्युरोंच्या भिंतीवर ‘शॉप ॲक्ट’ आणि ‘उद्यम’ अशी दोन प्रमाणपत्रे लावलेली दिसतात. त्यांचा अर्थ मर्यादित आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी तर स्वयंघोषणेवर मिळते. ही कागदपत्रे व्यवसाय अस्तित्वात असल्याचे सांगतात. माणसे तपासून पाठवली जातात की नाही, हे त्यांतून कळत नाही.

ब्युरोला विचारण्याचे प्रश्न वेगळे आहेत. कार्यालय नेमके कुठे आहे आणि तिथे जाऊन भेटता येईल का? येणाऱ्या व्यक्तीची पोलीस पडताळणी कोणी आणि केव्हा केली? ती रजेवर गेली तर बदली किती वेळात मिळेल? काम पसंत पडले नाही तर पैसे परत मिळतील का? महिन्याच्या रकमेपैकी त्या व्यक्तीच्या हातात किती पडतात? उत्तरे लेखी मिळत नसतील, तर पुढे वाद झाल्यावर कुटुंबाच्या हातात काहीच राहत नाही.

माणूस येण्याआधीच पैसे कसे जातात?

इंटरनेटवर ‘घरी केअरटेकर हवा’ असे शोधले की डझनभर क्रमांक समोर येतात. त्यांत बनावट क्रमांकही मिसळलेले असतात. पद्धत ठरलेली आहे. फोनवर गोड बोलणे, व्हॉट्सॲपवर दोन-तीन छायाचित्रे आणि आधार कार्डांच्या प्रती, मग ‘आज नोंदणी केली तर उद्या सकाळी माणूस हजर’ असे आश्वासन. नोंदणी शुल्क भरले की गणवेशाचे पैसे, मग प्रवासाचे, मग अनामत. सकाळी कोणीच येत नाही आणि फोन बंद होतो.

दुसरा प्रकार अधिक सफाईचा आहे. माणूस खरेच येतो. महिन्याची रक्कम आगाऊ घेतली जाते. चार-सहा दिवसांनी ‘गावाकडे कोणी तरी वारले’ असे सांगून तो निघून जातो. ब्युरो बदली पाठवत नाही, पैसेही देत नाही. रुग्णाला सोडून भांडायला जाण्याइतका वेळ कुटुंबाकडे नसतो, हे पाठवणाऱ्याला माहीत असते.

यावरचे उपाय साधे आहेत. व्यक्ती समोर येऊन भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. पहिल्या महिन्यात आठवड्याच्या हप्त्याने पैसे द्यावेत. पैसे ब्युरोच्या नावे असलेल्या खात्यातच जमा करावेत आणि पावती घ्यावी. ‘पैसे परत पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला जातो तो खात्यातून पैसे जाण्यासाठीच. रुग्णालयातील परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, सोसायटीतील शेजारी किंवा जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ यांच्याकडून मिळालेले नाव अनोळखी क्रमांकापेक्षा केव्हाही बरे, कारण अशा नावामागे विचारपूस करायला कोणी तरी असते.

ओळख कशी तपासावी?

आधार कार्डाची छायाप्रत पाहणे म्हणजे पडताळणी नव्हे. छायाप्रतीवरचे नाव आणि छायाचित्र बदलणे अवघड नाही. आधारवरील क्यूआर कोड यूआयडीएआयच्या अधिकृत ॲपने स्कॅन केला की त्यात साठवलेला तपशील दिसतो. तो समोरच्या व्यक्तीशी आणि कार्डावर छापलेल्या मजकुराशी जुळतो का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. व्यक्तीच्या संमतीने आणि तिच्या समोर हे करावे.

दुसरी पायरी आधीच्या दोन कुटुंबांशी बोलण्याची. ‘काम कसे होते?’ या प्रश्नाला ‘चांगले होते’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी, रुग्ण कोण होते, काय आजार होता, काम का संपले, घरातले व्यवहार कोण पाहत होते, असे विचारावे. ज्याने खरेच माणूस ठेवला होता तो तपशील सांगतो. बनावट संदर्भ देणारा अडखळतो.

तिसरी पायरी पोलीस ठाण्याची. घरात कामाला ठेवलेल्या व्यक्तीचे छायाचित्र, ओळखपत्राची प्रत, मूळ गावचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक यांसह माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी आणि पोच घ्यावी. ब्युरोने पडताळणी केल्याचे सांगितले तरी कुटुंबाने स्वतः ही नोंद करावी. या नोंदीची मर्यादाही ओळखावी. आधी गुन्हा नोंदलेला नाही एवढेच तिच्यातून समजते. पण आपली नोंद आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असणे, हा तिचा मोठा फायदा.

एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे बदली. सगळी तपासणी कायमच्या मावशींची होते आणि रविवारी त्यांच्या जागी भलतीच व्यक्ती दारात उभी राहते. बदलीवर येणाऱ्या व्यक्तीचे नाव, छायाचित्र आणि ओळखपत्र आदल्या दिवशी मिळाल्याशिवाय तिला प्रवेश द्यायचा नाही, हे ब्युरोला आणि सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला आधीच सांगून ठेवावे.

घरात आल्यावर फसवणूक कशी वाढत जाते?

कपाट फोडून पळून जाणे हा प्रकार बातमीत दिसतो. अधिक वेळा घडते ते हळूहळू. सुरुवात किरकोळ गोष्टींपासून होते. भाजीच्या हिशेबात पन्नास रुपये जास्त, औषधांच्या बिलात नसलेली पट्टी, डायपरचे पाकीट आणले म्हणून सांगितलेले पण न दिसलेले. मग आजीकडे अडचणी सांगितल्या जातात : मुलाची फी, गावाकडचे घर, नवऱ्याचे आजारपण. त्या खऱ्याही असू शकतात. आजी पाच हजार देतात आणि ‘घरात सांगू नका, ते रागावतील’ या एका वाक्याने दोघींत एक गुपित तयार होते. इथून पुढे घसरण वेगाने होते.

पुढचा टप्पा एटीएम कार्डाचा. आजोबांना बँकेत जाणे जमत नाही, म्हणून कार्ड आणि पिन दिला जातो. दोन हजार काढायला सांगितले की कधी तीन हजार निघतात. मोबाइल हाताळण्याचे काम मदतनिसाकडे असेल तर बँकेचे संदेश वाचण्याआधीच पुसले जातात. आणि शेवटचा टप्पा माणसे तोडण्याचा. शेजारी आले की ‘आत्ताच झोपलेत’, मुलीचा फोन आला की ‘आंघोळ चालू आहे’. मग ज्येष्ठांच्या मनात भरवले जाते की मुलांना तुमची नाही, इस्टेटीची काळजी आहे.

या सगळ्या टप्प्यांत एक गोष्ट समान आहे. सेवा, पैसा, फोन आणि बाहेरच्या जगाशी संपर्क या चारही गोष्टी एकाच व्यक्तीच्या हाती आहेत. हीच ती फट. माणूस प्रामाणिक असला तर काही बिघडत नाही, आणि नसला तर कोणाला कळत नाही. त्यामुळे उपायही प्रत्येकाकडे संशयाने पाहण्याचा नाही. सेवा एका हाती आणि व्यवहार दुसऱ्या हाती, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून करण्याचा आहे.

पैशांचे व्यवहार वेगळे कसे ठेवावेत?

ज्या कामासाठी कार्ड द्यावे लागते ते कामच काढून टाकणे, ही पहिली पायरी. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना ७० वर्षांवरील ग्राहकांसाठी आणि आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या सूचना केल्या आहेत. रोख रक्कम घरी आणून देणे, धनादेश नेणे, हयातीचा दाखला आणि केवायसीची कागदपत्रे घरून घेणे यांचा त्यात समावेश आहे. शाखेत चौकशी करून ही सेवा सुरू करून घेता येते. काही बँका त्यासाठी शुल्क घेतात.

दुसरी पायरी दोन खात्यांची. निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवी ज्या खात्याशी जोडलेल्या आहेत त्याचे कार्ड आणि धनादेश पुस्तिका कुलपात. घरखर्चासाठी वेगळे छोटे खाते, ज्यात महिन्याला लागेल तेवढीच रक्कम. उद्या काही गडबड झाली तरी नुकसान त्या रकमेपुरतेच राहते.

तिसरी पायरी मर्यादेची. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करण्याची, तसेच दिवसाची मर्यादा कमी करण्याची सोय बँकांना द्यावीच लागते. ती वापरावी. खात्याचे संदेश आजी-आजोबांबरोबर घरातल्या आणखी एका व्यक्तीच्या ईमेलवर किंवा मोबाइलवर जातील अशी व्यवस्था बँकेत विचारून करावी. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवण्याची सवय मोडावी. मोबाइलला लॉक असावा आणि ‘ओटीपी कोणालाही सांगायचा नाही’ या नियमात घरातल्या मावशीही आल्या, हे प्रेमाने पण स्पष्ट सांगावे.

किराणा आणि औषधांसाठी दुकानदाराकडे महिन्याचे खाते ठेवून मुलांनी ऑनलाइन पैसे भरले, तर मदतनिसाच्या हातात रोकड देण्याची वेळच कमी येते. किरकोळ खर्चासाठी एक वही आणि पावत्यांचे पाकीट पुरते. आठवड्यातून एकदा हिशेब पाहावा. दागिने घरात ठेवण्याऐवजी लॉकरमध्ये ठेवावेत. अंगावरचे आणि घरातले जे राहतील त्यांची छायाचित्रे काढून यादी करावी.

कागदावर सही घेतली गेली तर कायदा काय सांगतो?

सर्वात मोठे नुकसान रोकडीचे नसते, सहीचे असते. कोरा धनादेश, कुलमुखत्यारपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशनात बदल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सही किंवा अंगठा घेण्यास फार वेळ लागत नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६ मध्ये ‘अनुचित प्रभावा’ची तरतूद आहे. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक क्लेशामुळे ज्याची मनःस्थिती दुबळी झाली आहे, अशा व्यक्तीवर वर्चस्वाच्या स्थितीचा गैरफायदा घेऊन केलेला करार न्यायालयात रद्द करता येतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ चे कलम २३ आणखी पुढे जाते. सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवण्याचा अधिकार निर्वाह न्यायाधिकरणाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा, असे स्पष्ट केले. ते प्रकरण आईने मुलाला दिलेल्या बक्षीसपत्राचे होते. मात्र मालमत्ता घेणारा नातेवाईकच असला पाहिजे, असे बंधन या कलमात नाही.

तरीही रद्द करून घेण्याची लढाई लांब चालते. त्यापेक्षा आधीचा बंदोबस्त स्वस्त. मृत्युपत्रासाठी दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हे लक्षात ठेवावे, की नंतरचे वैध मृत्युपत्र आधीचे रद्द करते. त्यामुळे प्रकृती ठीक असताना, वकिलाच्या सल्ल्याने आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह कागदपत्रे करून ठेवली, तर पुढे संशयास्पद कागद पुढे आल्यास तुलना करता येते. ‘वकिलाला किंवा मुलीला दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही नाही’ हे वाक्य आजी-आजोबांच्या तोंडी बसवणे, हा सर्वात सोपा उपाय आहे. त्यांना नकार देण्याचे ओझे वाटत नाही, कारण नकार दुसऱ्याच्या नावावर जातो.

कोणत्या खुणा ओळखाव्यात?

एखादी गोष्ट एकटी दिसली तर तिचा फारसा अर्थ नसतो, दोन-तीन एकत्र दिसल्या तर थांबून पाहावे. प्रत्येक फोन मदतनीसच उचलते आणि ज्येष्ठांशी एकट्याने बोलणे होत नाही. पैशांचा विषय निघाला की आजी घाबरतात किंवा मदतनिसाकडे पाहून उत्तर देतात. ओळखीचे लोक घरी यायचे थांबतात. खर्च वाढतो पण औषधे, दूध, फळे मात्र कमी दिसतात. दिवसभर नको तितकी झोप किंवा सुस्ती जाणवते. अचानक नवे ‘नातेवाईक’ घरी येऊ लागतात. बँकेची पत्रे सापडत नाहीत.

यांतली सुस्ती, अंगावरचे वळ किंवा अचानक घटलेले वजन दिसले तर आधी डॉक्टरांना दाखवावे. औषधाच्या मात्रेत गडबड होत आहे का, हे त्यातून कळू शकते. पैशांची चौकशी त्यानंतर.

मुले परगावी असतील तर?

व्हिडीओ कॉल रोज असला तरी तो ठरलेल्या वेळी होतो आणि त्या वेळी घर नीट लावलेले असते. म्हणून गावात एक माणूस हवा : भाऊ, भाची, जुना शेजारी किंवा विश्वासातला मित्र. आठवड्यातून एकदा, वेळ न सांगता, दहा मिनिटांची भेट. त्या वेळी मदतनिसाला बाहेर काही आणायला पाठवून ज्येष्ठांशी एकट्याने बोलता येते. सोसायटीचा सुरक्षारक्षक, औषध दुकानदार आणि फॅमिली डॉक्टर यांच्याकडे मुलांचा क्रमांक असावा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यातही द्यावी.

दिवाणखान्यात कॅमेरा लावता येतो, पण तो लावला आहे हे मदतनिसाला सांगावे. स्नानगृह, कपडे बदलण्याची किंवा तिच्या झोपण्याची जागा यांत कॅमेरा लावणे चुकीचे आहे. महिलेचे खासगी कृतीचे चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

मदतनिसाची बाजू काय?

या विषयाची दुसरी बाजूही आहे. बांगडी सापडत नाही म्हणून पहिला संशय मावशींवर घेतला जातो आणि चार दिवसांनी ती उशीच्या अभ्र्यात सापडते. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाला तर आपल्या वस्तू चोरीला गेल्या असे वारंवार वाटणे, हे आजाराचेच लक्षण असू शकते. अशा वेळी हिशेबाची वही, दागिन्यांची यादी आणि बँकेतून दिलेला पगार हे प्रामाणिक मदतनिसाचेही संरक्षण ठरते. आणि फसवणूक करणारा नेहमी बाहेरचाच असतो असेही नाही. कार्ड आणि पिन हाताळणारा भाचा किंवा नातूही असू शकतो. वाटणीचा नियम घरच्यांनाही लागू हवा.

कामाचे तास, साप्ताहिक सुटी, जेवण, झोपण्याची जागा, पगाराची तारीख हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. उचल द्यायची असेल तर मुलांनी द्यावी, वहीत नोंद करावी आणि पगारातून ठरावीक हप्त्याने वळती करावी. अडचण सांगायला उघड वाट असली की आजीकडे गुपचूप मागण्याची वेळ येत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळासाठी २००८ चा कायदा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांच्या हक्कांसाठी कायदेशीर चौकट करण्याचा विचार करावा, असे केंद्राला सांगितले. राबणाऱ्याला नीट पगार आणि विश्रांती मिळणे हा ज्येष्ठांच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. चोवीस तास न झोपलेल्या माणसाकडून औषधाची वेळ चुकणारच.

फसवणूक झालीच तर काय करावे?

खात्यातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर आणि लगेच बँकेला. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातील तत्त्व इथे महत्त्वाचे आहे : ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे ‘आधी घरात बोलून घेऊ’ म्हणत घालवलेला प्रत्येक तास महाग पडू शकतो. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

घरातील चोरीसाठी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार कलम ३१६ मध्ये, तर फसवणूक कलम ३१८ मध्ये येते. स्वतः जाब विचारणे, कोंडून ठेवणे किंवा सामान तपासणे टाळावे. त्याने पुरावा बिघडतो आणि उलटी तक्रार होऊ शकते. तातडीचा धोका असेल तर ११२.

ब्युरोने पैसे घेऊन सेवा दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या सेवेसाठी तक्रार शुल्क नाही. पावती, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि लेखी अटी हाच पुरावा. कोणाकडे जावे हे समजत नसेल, छळ किंवा दुर्लक्षाची शंका असेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन ‘एल्डरलाइन’ १४५६७ वर मार्गदर्शन मिळते.

ज्येष्ठ स्वतः का सांगत नाहीत?

लाज आणि भीती ही दोन कारणे. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला ‘मला फसवले’ हे मुलासमोर कबूल करणे जड जाते. शिवाय मावशी गेल्या तर उद्या सकाळी उठवून बसवणार कोण, ही भीती असते. मुले रागावली, ‘तुम्हाला सांगितले होते ना’ म्हणाली, की पुढच्या वेळी ते काहीच सांगत नाहीत आणि फसवणाऱ्याला तेच हवे असते.

त्यामुळे व्यवहारांची वाटणी करताना ज्येष्ठांना बाजूला सारून चालत नाही. खाते त्यांचेच, निर्णय त्यांचाच, मुले फक्त दुसरी नजर आहेत, हे त्यांना पटले पाहिजे. मदतनिसाची निवड करताना त्यांना समोर बसवावे, त्यांचे मत विचारावे आणि ‘नको’ म्हणाले तर कारण न विचारता ऐकावे. सोबतीला, बदलीवर येऊ शकेल अशा आणखी एका व्यक्तीचा क्रमांक तयार असावा. दुसरी सोय उपलब्ध आहे हे माहीत असले, की खटकणारी गोष्ट बोलून दाखवायला आजी-आजोबा कचरत नाहीत.